तबकडी चांगली, मग चित्र का नाही?

गोष्ट खामगावकडच्या एका घरातली आहे. काही वर्षांपूर्वीची आहे. नावे सांगत नाही, कारण ही गोष्ट एकाच घरची नाही. थोड्याफार फरकाने ती पुष्कळ घरांत घडली आहे.

त्या घरची मुलगी लग्न होऊन अमेरिकेत गेली. तिने एकदा आपल्या वडिलांना तिकडे बोलावून घेतले. म्हातारबाबा सहा महिने राहिले, नातवंडांशी खेळले, त्यांना गावाकडच्या गोष्टी सांगितल्या. जावयाने त्याचे चित्रण करून ठेवले. बाबा परत आले आणि पुढच्याच वर्षी वारले.

त्यांचे वर्षश्राद्ध आले. मुलीला येणे जमले नाही. तिने चित्रणाची तबकडी पाठवली. सोबत एका इंग्रजी चित्रपटाची तबकडीही भाच्यांसाठी धाडली. श्राद्धाच्या संध्याकाळी सगळे घर टीव्हीपुढे बसले. आजी सर्वांत पुढे बसल्या.

तबकडी यंत्रात घातली. आवाज आला. बाबांचाच आवाज! पण चित्र काळेपांढरे, फाटल्यासारखे, आणि एकसारखे वरून खाली पळणारे. चेहरा काही केल्या दिसेना.

आजी म्हणाल्या, "हा आवाज तं त्यायचाच हाय. मंग चेहरा काऊन दिसत नाही रे बाप्पा?"

नातू म्हणाला, "आजी, सीडी खराब झाली असंल."

दुसऱ्याने तबकडी काढून धोतराने खसाखसा पुसली. तिसरा म्हणाला, टीव्ही बिघडला. चौथा म्हणाला, फेकून द्या, दुसरी मागवू. आजी मात्र तबकडी पदरात धरून बसल्या. त्यांनी ती कुणाला फेकू दिली नाही.

आजींनी केले ते योग्यच केले. तबकडी खराब नव्हती आणि टीव्हीही बिघडला नव्हता. दोघे आपापल्या जागी चांगले होते. त्यांचे एकमेकांशी जुळत नव्हते, इतकेच. असे का होते, ते आज आपण समजून घेऊ या.

चित्र कसे उमटते?

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. टीव्हीच्या पडद्यावर हलणारे चित्र दिसते, पण खरे म्हणजे तिथे काहीच हलत नाही. एकामागून एक पुष्कळ स्थिर चित्रे झरझर येतात. आपला डोळा त्यांना वेगवेगळे ओळखू शकत नाही. म्हणून माणूस चालतो आहे असे आपल्याला वाटते.

हे प्रत्येक चित्र ओळीओळींनी बनते. बाई रांगोळी घालताना एकेक ओळ ठिपक्यांची काढते ना? तसेच. जुन्या, मागे फुगीर नळी असलेल्या टीव्हीत एक किरण पडद्यावर डावीकडून उजवीकडे ओळ ओढत जाई. एक ओळ झाली की खालची. शेवटची ओळ झाली की पुन्हा वरून सुरुवात. त्यातही आधी एक सोडून एक ओळ ओढायची आणि मग राहिलेल्या ओळी भरायच्या, अशी रीत होती. म्हणजे दोन अर्धी चित्रे मिळून एक पूर्ण चित्र तयार होई.

आता प्रश्न असा, की एका चित्रात ओळी किती घ्यायच्या? आणि एका सेकंदात चित्रे किती काढायची? साऱ्या जगाने याचे एकच उत्तर ठरवले असते, तर आजींना त्या रात्री बाबांचा चेहरा लगेच दिसला असता. पण तसे झाले नाही.

दोन देश, दोन मापे

अमेरिकेत एका चित्राला ५२५ ओळी ठरल्या आणि सेकंदाला अर्धी चित्रे जवळजवळ ६०, म्हणजे पूर्ण चित्रे ३०. युरोपच्या बहुतेक देशांत ६२५ ओळी ठरल्या आणि अर्धी चित्रे ५०, म्हणजे पूर्ण चित्रे २५.

६० आणि ५० हे आकडे कुठून आले? ते आले विजेच्या तारेतून. घरच्या तारेतली वीज एका दिशेने वाहत नाही. ती झोक्यासारखी मागेपुढे होते. अमेरिकेत ती सेकंदाला ६० वेळा असा झोका घेते. युरोपात आणि आपल्याकडे ५० वेळा. सुरुवातीच्या टीव्हीत विजेचा झोका आणि चित्राचा वेग जुळला नाही, तर पडद्यावर काळे पट्टे सरकत. म्हणून ज्या देशात विजेचा जो आकडा, तोच तिथे चित्रांनाही लावला.

पुढे रंग आले. अमेरिकेने १९५३ साली रंगीत चित्राची पद्धत ठरवली. तिला एनटीएससी म्हणतात. जर्मनीत वॉल्टर ब्रुख या तंत्रज्ञाने दुसरी पद्धत काढली, तिचे नाव पाल. १९६७ साली पश्चिम जर्मनीत ती सुरू झाली. त्याच वर्षी फ्रान्सने आपली तिसरी पद्धत सुरू केली, ती सेकॅम. अशी ओळींची मापे दोन आणि रंगांच्या रीती तीन झाल्या.

आपल्या देशात टीव्ही प्रथम दिल्लीत आला, १५ सप्टेंबर १९५९ रोजी. मुंबईत तो २ ऑक्टोबर १९७२ रोजी आला. १९८२ साली चित्र रंगीत झाले. आपली वीज ५० झोक्यांची. म्हणून आपण ६२५ ओळी आणि पाल पद्धत घेतली.

म्हणजे भारत, इंग्लंड, जर्मनी, ऑस्ट्रेलिया आणि दुबई हे पालवाले. अमेरिका, कॅनडा, मेक्सिको आणि जपान हे एनटीएससीवाले.

आपल्या वऱ्हाडातल्या माणसाला ही अडचण नवी नाही. मूर्तिजापूर स्टेशन आठवा. मुंबईहून मलकापूर, शेगाव, अकोल्यावरून येणारी मोठी गाडी साडेपाच फूट रुंदीच्या रुळांवरून धावते. यवतमाळ आणि अचलपूरकडची शकुंतला धावत असे अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून. दोन्ही रूळ लोखंडाचेच, दोन्ही गाड्या चांगल्या. पण शकुंतलेचा डबा मोठ्या रुळावर चढत नसे. यवतमाळचा कापूस मूर्तिजापूरला उतरवावा लागे आणि दुसऱ्या गाडीत भरावा लागे.

तबकडीचे तसेच आहे. अमेरिकेतली तबकडी म्हणजे एका रुळावरची गाडी. आजींचा जुना टीव्ही म्हणजे दुसरा रूळ. माल इकडून तिकडे भरून देणारा हमाल मध्ये हवा.

हमाल कोण?

दुसऱ्या दिवशी आजी नातवाला घेऊन खामगावच्या बाजारात गेल्या. रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एका जुन्या कारागिराकडे त्यांनी ती तबकडी नेली. यंत्रही सोबत नेले होते. त्याने तबकडी उजेडात धरून पाहिली आणि हसून म्हणाला,

"आजी, सीडीले काहीच झालं नाही. तिचं माप अमेरिकेचं हाय नि तुमचा टीव्ही इकडचा. फेकू नोका बरं!"

मग त्याने यंत्राचा रिमोट हातात घेतला. त्यावर एक बटण होते. त्याच्यावर इंग्रजीत 'एन' आणि 'पी' अशी दोन अक्षरे होती. एन म्हणजे एनटीएससी, पी म्हणजे पाल. त्याने ते बटण एकदोनदा दाबले. चित्र थांबले. रंग आले. आणि बाबा ओसरीत बसल्यासारखे समोर बसलेले दिसले, मांडीवर नातू घेऊन.

आजी काही बोलल्या नाहीत. कारागिरानेही मग बराच वेळ दुसरे काम केले.

इथे हमालाचे काम त्या यंत्राने केले. आपल्याकडे विकली गेलेली बहुतेक यंत्रे दोन्ही मापांच्या तबकड्या वाचतात आणि टीव्हीला हव्या त्या मापात चित्र पाठवतात. मात्र त्यांना तसे सांगावे लागते. रिमोटवर बटण नसेल, तर 'सेटअप'च्या पानावर 'टीव्ही सिस्टीम' किंवा 'टीव्ही टाइप' अशी ओळ असते. तिथे पाल, एनटीएससी आणि ऑटो असे पर्याय असतात. टीव्ही जुना असेल तर पाल निवडावे. हल्लीच्या चपट्या टीव्हींना बहुधा दोन्ही मापे चालतात. तिथे ऑटो ठेवावे.

अशी अदलाबदल करताना थोडे नुकसान होते. ६० चे ५० करायचे म्हणजे काही चित्रे गाळावी लागतात. म्हणून पळणारे मूल किंचित अडखळल्यासारखे दिसते. तो दोष तबकडीचा नव्हे.

एक गंमत सांगतो. सिनेमाची फीत सेकंदाला २४ चित्रांची असते. पाल पद्धतीत २५ हवीत. म्हणून पुष्कळदा सिनेमा जरा वेगाने पळवतात. दोन तासांचा सिनेमा मग साधारण ११५ मिनिटांत संपतो. पाच मिनिटे कुणी कापली नाहीत, ती वेगात गेली!

दुसरी अडचण : कुलूप

बाबांची तबकडी लागली. मग भाच्यांनी इंग्रजी चित्रपटाची तबकडी घातली. एन आणि पी दोन्ही करून पाहिले. चित्र नाही, आवाज नाही. पडद्यावर फक्त इंग्रजीत सूचना आली, की विभाग चुकीचा आहे.

ही अडचण मापाची नव्हे. हे कुलूप आहे. ते कंपन्यांनी मुद्दाम लावलेले असते.

डीव्हीडी ही तबकडी १९९६ साली जपानात आणि १९९७ साली अमेरिकेत विक्रीला आली. सिनेमा कंपन्यांना वाटले, की अमेरिकेत तबकडी निघते तेव्हा दुसऱ्या देशात तोच चित्रपट अजून थिएटरात लागायचा असतो. तबकडी आधीच तिकडे पोचली तर तिकीट कोण काढील? शिवाय देशादेशांत किंमती वेगळ्या. म्हणून त्यांनी जगाचे सहा विभाग पाडले. अमेरिका आणि कॅनडा पहिला. युरोप, जपान आणि आखाती देश दुसरा. आग्नेय आशिया तिसरा. ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिका चौथा. भारत, रशिया आणि आफ्रिकेचा बराच भाग पाचवा. चीन सहावा.

पहिल्या विभागाची तबकडी पाचव्या विभागाच्या यंत्रात उघडत नाही. किल्ली वेगळी, कुलूप वेगळे.

माप आणि कुलूप या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत, हे विसरू नका. दुबईहून आणलेली चित्रपटाची तबकडी घ्या. तिचे माप पाल, म्हणजे आपलेच. पण विभाग दुसरा, म्हणजे कुलूप परके. जपान आणि इंग्लंड एकाच विभागात, पण माप एकाचे एनटीएससी आणि दुसऱ्याचे पाल.

कुलूप कसे ओळखावे? तबकडीच्या वेष्टनाच्या पाठीवर पृथ्वीच्या गोलाचे लहान चित्र असते. त्यात आकडा लिहिलेला असतो. आपल्याला ५ हवा. शून्य किंवा 'ऑल' लिहिले असेल तर ती तबकडी सगळीकडे चालते. आपल्या हिंदी आणि मराठी चित्रपटांच्या पुष्कळ तबकड्यांना कुलूप नसे, कारण त्या परदेशातल्या आपल्या माणसांनाही विकायच्या असत. घरी केलेल्या चित्रणालाही असे कुलूप नसते. म्हणूनच बाबांची तबकडी उघडली.

संगणकावर तबकडी लावताना एक सावधगिरी बाळगा. संगणकाची खाच विभाग बदलू देते, पण फक्त पाच वेळा. पाचव्यांदा जो विभाग ठेवाल, तो कायमचा. मुलांच्या हातात देण्याआधी हे त्यांना सांगा.

तिसरी अडचण : उघडे पोते

कधी तबकडी घातली की यंत्र म्हणते, 'तबकडी नाही'. तबकडी तर आत फिरते आहे! याची कारणे निरनिराळी असतात.

एक कारण असे. घरच्या रेकॉर्डरवर चित्रण केले की शेवटी तबकडी बंद करावी लागते. पोते भरले की तोंड शिवावे लागते, तसेच. इंग्रजीत त्याला फायनलाइज म्हणतात. ते राहून गेले, तर ज्या रेकॉर्डरवर ती भरली त्यातच ती दिसते, इतरांत बहुधा नाही. अशा वेळी पाठवणाऱ्याला फोन करावा. त्याच्याकडे तो रेकॉर्डर असेपर्यंतच हे काम सोपे असते.

दुसरे कारण, तबकडीची जात वेगळी. सीडी, डीव्हीडी आणि ब्लू-रे या तिन्ही तबकड्या दिसायला सारख्या, १२ सेंटिमीटर रुंदीच्या. आपण तिन्हींना सीडीच म्हणतो. पण ब्लू-रे वाचायला निळसर जांभळा किरण लागतो. साध्या यंत्रात तांबडा किरण असतो. त्याला ब्लू-रेवरची बारीक अक्षरे वाचता येत नाहीत. बारीक सुईचे काम दाभणाने कसे होणार?

तिसरे कारण, धूळ आणि ओरखडे. तबकडी धोतराने गोल गोल पुसू नये. मऊ, स्वच्छ फडक्याने मधून कडेकडे सरळ पुसावी.

आपण काय करावे?

१. आवाज येतो पण चित्र काळेपांढरे होऊन पळते, तर अडचण मापाची. रिमोटवरचे बटण किंवा सेटअप पाहा.

२. विभागाची सूचना आली, तर अडचण कुलपाची. तबकडी घासू नका. यंत्र उघडू नका.

३. 'तबकडी नाही' असे आले, तर तबकडी पुसा, तिची जात पाहा, पाठवणाऱ्याला विचारा.

४. इंग्रजी अक्षरे कळत नसतील, तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्या. विचारण्यात कमीपणा नाही.

५. कुणी "दुरुस्त करून देतो" म्हणून पैसे मागितले, तर आधी काय बिघडले ते विचारा. एका माणसाने बटण दाबण्याचे दोनशे रुपये दिलेले आम्हाला माहीत आहेत.

६. संगणक असेल तर त्याला पाल काय आणि एनटीएससी काय, दोन्ही सारखेच. व्हीएलसी नावाची प्रणाली फुकट मिळते. ती दोन्ही दाखवते.

७. अमेरिकेहून तबकडीचे यंत्रच आणले असेल, तर फार जपा. तिकडची वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची. यंत्राच्या पाठीवर '१००–२४०' लिहिले असेल तरच आपल्या बोर्डाला लावा. नुसते १२० असेल तर लावू नका, ते जळेल आणि माणसालाही धोका होईल.

८. इकडून तबकडी पाठवायची असेल तेव्हा उलट विचार करा. आपल्याकडच्या स्टुडिओत केलेली लग्नाची तबकडी पाल असते. अमेरिकेत विकली जाणारी पुष्कळ यंत्रे पाल वाचतच नाहीत. म्हणून तबकडीसोबत चिठ्ठी घाला, "संगणकावर लावा."

उत्तर अमेरिकेत आपली मराठी माणसे फार आहेत. त्यांच्या मंडळांचे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ साली स्थापन झाले. तिकडची बारशी इकडे आणि इकडची लग्ने तिकडे, अशा तबकड्या कितीतरी वर्षे येत-जात राहिल्या. एका चिठ्ठीने किती घरांचा जीव भांड्यात पडला असता!

आठवण जपून ठेवा

आता तबकड्यांचे दिवस सरत आले. दुकाने कमी झाली, यंत्रेही कमी मिळतात. मुले मोबाईलवर चित्रण पाठवतात. तिथे ना पालचा प्रश्न, ना विभागाचा. पण जुन्या तबकड्या अजून घराघरांतल्या पेट्यांत आहेत. घरी भरलेल्या तबकडीवरचा लेप उन्हाने आणि उष्णतेने खराब होत जातो. आपल्याकडचा मे महिना कसा असतो, ते सांगायला नको.

म्हणून यंत्र चालू आहे तोवर घरच्या चित्रणाची नक्कल पेन ड्राइव्हवर करून घ्या. एक नव्हे, दोन नकला करा. एक आपल्याकडे ठेवा, दुसरी भावाकडे किंवा लेकीकडे. विकत घेतलेल्या चित्रपटाच्या नकला काढून विकणे मात्र १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने गुन्हा आहे. ते करू नये. आपल्या माणसांचे चित्रण आपलेच आहे, ते जपावे.

आजींच्या घरीही तसेच केले. कारागिराने दोन नकला करून दिल्या. त्याने पैसे फक्त पेन ड्राइव्हचे घेतले. मूळ तबकडी आजींनी देव्हाऱ्याशेजारी, उन्हापासून दूर ठेवली. वर नातवाच्या हाताने कागद चिकटवला, "ही चांगली आहे. फेकू नये."

समजले नाही म्हणून वस्तू वाईट ठरत नाही. फेकण्याआधी विचारावे, एवढेच आमचे सांगणे आहे.

विचार करा आणि सांगा

१. आवाज येत होता, मग चेहरा का दिसत नव्हता?
२. माप आणि कुलूप यांत फरक कोणता?
३. अमेरिकेतले यंत्र आपल्या बोर्डाला लावण्याआधी काय वाचावे?
४. तुमच्या घरी जुनी तबकडी आहे काय? तिच्यावर काय आहे, हे कागदावर लिहून तिला चिकटवा.